लिस्टर धाटणीचे डिझेल इंजिन

लिस्टर धाटणीचे डिझेल इंजिन हे इंग्लंडमधील आर. ए. लिस्टर कंपनीच्या 'सीएस' या संथगती इंजिनाच्या आराखड्यावरून भारतात तयार होणारे इंजिन आहे. पाणी उपसणे, पिठाची गिरणी चालवणे, मळणी करणे अशा कामांसाठी त्याचा वापर होतो. जुने इंजिन झिजल्यावर त्याच्या जागी अशी स्वस्त नक्कल बसवली जाते. अशा बदलात मापे जुळली, तरी धातूची प्रत, घडणीतील काटेकोरपणा आणि फेऱ्यांचा वेग स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

इतिहास

लिस्टर कंपनीची स्थापना १८६७ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील डर्सली येथे झाली. तिचे 'सीएस' इंजिन १९३० च्या सुमारास बाजारात आले. साधी रचना आणि दीर्घ आयुष्य यांमुळे ते अनेक देशांत पसरले. पुढे गुजरातमधील राजकोट हे त्याच्या नकलांचे मोठे केंद्र बनले. महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिची 'एव्ही-१' सारखी इंजिने मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालतात आणि त्यामुळे आकाराने लहान असतात.

एकस्वाची मुदत संपल्यावर मूळ आराखड्याप्रमाणे यंत्र बनवण्यास एकस्व कायद्याची आडकाठी राहत नाही. मात्र दुसऱ्या कंपनीचे नाव वा बोधचिन्ह लावून विक्री करणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चा भंग ठरतो. म्हणून 'नक्कल' आणि 'बनावट माल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रचना

या धाटणीच्या प्रचलित ६ अश्वशक्तीच्या एक-सिलिंडर इंजिनाचा वेग मिनिटाला ६५० फेरे असतो. सिलिंडरचा आतील व्यास ११४.३ मिमी, पिस्टनची (दट्ट्याची) धाव १३९.७ मिमी आणि घनफळ सुमारे १४३३ घन सेंमी असते. जड फ्लायव्हीलमुळे गती एकसारखी राहते. इंजिन हँडल मारून सुरू करता येते.

झीज आणि तिची लक्षणे

रिंगा व लायनर झिजल्यास दाब कमी होतो, इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो आणि निळसर धूर निघतो. निळसर धूर हे वंगणतेल जळत असल्याचे चिन्ह होय. काळा धूर अपुऱ्या ज्वलनाचा असतो. त्यामागे खराब नोझल किंवा जास्त भार ही कारणे असू शकतात. केवळ रिंग, लायनर, नोझल वा बेअरिंग बदलून भागत असेल, तर दुरुस्ती बहुधा किफायतशीर ठरते. क्रँक वा मुख्य सांगाड्याला तडा गेल्यास इंजिन बदलणे योग्य ठरते.

नकलेतील उणिवा

स्वस्त नकलेत ओतकामाची वाळू तेलटाकीत राहून गेलेली आढळते. ती वंगणतेलात मिसळून बेअरिंगे झिजवते; म्हणून नवे इंजिन चालवण्यापूर्वी टाकी उघडून स्वच्छ करणे हितावह असते. फ्लायव्हीलचा तोल नीट नसल्यास हादरे बसतात. सुटे भाग नावाने एकच असले, तरी काही वेळा ते घासून बसवावे लागतात. शेतीसाठीच्या २० किलोवॅटपर्यंतच्या डिझेल इंजिनांच्या कार्यक्षमतेसाठी आयएस १११७० हे भारतीय मानक आहे.

वेग आणि पुलीचे गणित

६५० फेऱ्यांच्या इंजिनाच्या जागी १५०० फेऱ्यांचे इंजिन आणल्यास जुनी पुली चालत नाही. जुनी पुली १२ इंची असेल, तर पंपाचा वेग तोच राखण्यासाठी नवी ५.२ इंची (१२ × ६५० ÷ १५००) लागते. सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढल्यास शक्तीची गरज सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. जुनी पुली तशीच ठेवल्यास वेग सुमारे २.३ पट आणि शक्तीची गरज सुमारे १२ पट होईल; एवढा भार इंजिन पेलू शकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत, तर रब्बीत हरभरा व गहू घेतला जातो. हरभऱ्याला फुलोरा आणि घाटे भरण्याच्या काळात पाण्याची गरज असते. वीजजोडणी नसलेल्या किंवा पुरवठा अनियमित असलेल्या शेतात अशा वेळी इंजिन बंद पडल्यास पाण्याची पाळी चुकते आणि उत्पादन घटते. त्यामुळे दुरुस्ती वा बदल हंगामापूर्वी करणे सोयीचे असते. काळी माती ओलाव्याने मऊ होते. म्हणून इंजिन लाकडी तुळयांवर वा काँक्रीटच्या चौथऱ्यावर घट्ट बसवतात.

सुरक्षितता

सेंट्रिफ्यूगल पंप प्रत्यक्षात सुमारे ६ ते ७ मीटरपेक्षा जास्त खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. म्हणून पातळी खालावल्यावर काही ठिकाणी इंजिन विहिरीत उतरवले जाते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, वासहीन विषारी वायू बंदिस्त जागेत साचून प्राणघातक ठरतो. इंजिन नवे असले तरी हा धोका टळत नाही. इंजिन विहिरीबाहेर ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. खोल पाण्यासाठी पाणबुडी पंप वापरतात. चालू इंजिनाच्या उघड्या पट्ट्यात धोतर, साडीचा पदर वा उपरणे अडकू नये म्हणून पट्ट्यावर जाळी बसवतात.