इयत्ता चौथी, वाचन कितवीचे?

चौथीच्या एकाच वर्गात वाचनाच्या चार-पाच पायऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. कुणी गोष्ट सलग वाचतो, कुणी अक्षराला अक्षर जोडत शब्दापर्यंत पोचतो, कुणी जोडाक्षर आले की थबकतो. पुस्तक मात्र सगळ्यांच्या हातात चौथीचेच. घरची परिस्थिती, हजेरी, आहार या सगळ्यांचा मुलांच्या प्रगतीवर परिणाम होतो. पण शिकवण्याची सुरुवात मुलाला जे येते तिथून करायची की पुस्तकापासून, हे शाळेच्या हातात असते.

आधी पातळी तपासायची. मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी रीत सोपी आहे. एकेका मुलाला जवळ बसवून छोटा परिच्छेद वाचायला द्यायचा. सलग वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळला तर सुटे शब्द. पाचांपैकी चार बरोबर आले की मूल शब्दाच्या पायरीवर. तेही जमले नाही तर अक्षरे.

मग रोज तास-दोन तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे. अक्षरांवर अडलेल्यांनी बाराखडीच्या तक्त्यावरून शब्द बनवायचे. परिच्छेद वाचणाऱ्यांनी गोष्ट वाचून आपल्या शब्दांत सांगायची. ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासणी; ज्याला जमले तो वरच्या गटात.

याचा पडताळाही झाला आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत वस्तीतलीच तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवत असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याचा अभ्यास केला. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांचे गुण वाढले. ही मुले दोन तास बाहेर गेल्याने मूळ वर्गातली गर्दीही कमी होई. तरी तिथे उरलेल्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवून भागत नाही, पातळीप्रमाणे शिकवावे लागते.

पुढे हरियाणात सरकारी शिक्षकांनीच दिवसाचा एक तास यासाठी राखून ठेवला, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. शिक्षक तेच, शाळाही त्याच; तासाची आखणी बदलली होती.

म्हणून शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘किती धडे झाले?’ याच्या आधी ‘या महिन्यात किती मुले एक पायरी वर चढली?’ हे विचारावे. जे विचारले जाते, त्यालाच शाळेत वेळ मिळतो.