बूट का चावतो?

नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. जिल्ह्याच्या मधून तापी आडवी गेली आहे, उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि या दोन नद्यांच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. याच रांगांत, अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यात, सुमारे १३०० मीटर उंचीचा अस्तंभा डोंगर आहे. दिवाळीच्या सुमारास येथे यात्रा भरते. महाभारतातला अश्वत्थामा या डोंगरात अजून हिंडत असून कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो, अशी लोककथा आहे. खानदेशातून, शेजारच्या गुजरात व मध्य प्रदेशातूनही तरुण मंडळी घोळक्या-घोळक्याने निघतात आणि डोंगरवाटा तुडवीत शिखर गाठतात. दिवसा पायथ्याशी चांगलेच ऊन असते, तर रात्री माथ्यावर अंगात हुडहुडी भरते. पुढे ऐन थंडीत तोरणमाळ, डाब या भागांत एखाद्या पहाटे गवतावरचे दवसुद्धा गोठते.

अशा वाटेवर माणूस थांबतो तो बहुधा दमल्यामुळे नव्हे, टाचेला आलेल्या फोडामुळे! रुपयाएवढा फोड, पण तो धडधाकट गड्याला लंगडायला लावतो. घाटात मध्येच असे झाले तर परतायला वाहन नसते. पुढेही चालायचे आणि मागेही चालायचे. अश्वत्थाम्याला तेल मिळो न मिळो, या गड्याला ते मागायची पाळी येते. आपण म्हणतो, “बूट चावला.” बुटाला तर दात नसतात. मग हे घडते कसे?

डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचे एक बोट घट्ट टेकवा आणि बोट न सरकवता पुढे-मागे हलवा. वरची कातडी बोटाबरोबर हलते, पण खालचे हाड जागेवरच राहते. मधल्या थरांची मात्र ओढाताण होते. चालताना टाचेत हेच घडते. बूट व मोजा कातडीला धरून ठेवतात, हाड पुढे जाते, पुन्हा मागे येते. अशी हजारो पावले पडली की बाह्यत्वचेच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाण्यासारखा द्रव भरतो. म्हणजे फोड वरवरच्या घासण्याने येत नाही, आतल्या ओढाताणीने येतो. कातडीवरची पकड जितकी घट्ट, तितकी ही ओढाताण अधिक.

ही पकड वाढवतो घाम. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडीला घर्षण जास्त असते. पुस्तकाचे पान उलटताना काही जण बोट ओले करतात, ते याचसाठी. शिवाय ओलीने कातडी मऊ पडते. तळपायावर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात आणि बुटात वारा लागत नाही. मग तो घाम जाणार कुठे? मोज्यात. तेव्हा मोज्याची खरी परीक्षा थंडीत नसते, घामात असते. लोकर म्हटली की आपल्याला फक्त ऊब आठवते, हे जरा अन्यायाचेच आहे.

आता लोकरीची करामत पाहा. घरातल्या लोकरी शालीवर किंवा स्वेटरच्या बाहीवर पाण्याचा एक थेंब हलकेच सोडा. तो बराच वेळ मोत्यासारखा बसून राहील. तोच थेंब सुती रुमालावर टाकला की लगेच शोषला जातो. यावरून कोणालाही वाटेल, की लोकरीला पाणी नकोसे आहे. मौज अशी, की हवेतली वाफ मात्र लोकर सुतापेक्षा कितीतरी जास्त पिते! लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. त्यामुळे थेंब आत शिरत नाही. तंतूचा गाभा मात्र केराटीन या प्रथिनाचा असतो. आपले केस आणि नखे याचीच बनतात. या प्रथिनाच्या रेणूंना पाण्याचे रेणू हवेहवेसे असतात. वाफेचे सुटे रेणू खवल्यांतून वाट काढून आत जातात व तेथे अडकून बसतात.

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम पाणी धरते. कापूस ८, नायलॉन ४, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. हवा बाष्पाने अगदी भरलेली असेल तर लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेते आणि तरीही हाताला चिंब लागत नाही. ९० ग्रॅमच्या मोज्यांच्या जोडीत म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. घाम अजून वाफेच्या रूपात आहे तोवरच लोकर तो उचलते. सुती मोजा मात्र भिजतो, लगदा होऊन पायाला चिकटतो, त्याच्या घड्या पडतात आणि घडीच्या रेषेवर फोड उठतो. लांबच्या चालीसाठी सुती मोजा नको, हे मी अगदी निक्षून सांगेन. शाळेत, घरात तो खुशाल वापरा.

येथे तुमच्यातला एखादा विचारील, “आमच्या भागात मेंढ्या आहेतच की! मग मोजे तिथल्याच लोकरीचे का नकोत?” प्रश्न चांगला आहे. धुळे-नंदुरबार भागात ठेलारी लोक मेंढ्यांचे कळप घेऊन रानोमाळ हिंडतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून आपली घोंगडी बनते, आणि पावसात, थंडीत तिच्यासारखी सोबत नाही. पण घोंगडी उघड्या अंगावर घेतली तर टोचते. मोजा तर उघड्या कातडीवरच चढवायचा असतो.

टोचण्यामागे गणित आहे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर १६ ते २४ मायक्रॉन, तर दख्खनी मेंढीची ३० च्या पुष्कळ वर जाते आणि तिच्यात केसासारखे राठ तंतूही मिसळलेले असतात. तंतूची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठपणा दुप्पट होत नाही, तर २ चा चौथा घात, म्हणजे १६ पट होतो! २० मायक्रॉनच्या तंतूचे टोक कातडीला लागताच वाकून बाजूला होते. ४० मायक्रॉनचे टोक वाकत नाही, सुईसारखे रुतते, आणि कातडीतल्या मज्जातंतूंना ते कळते. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू बोचतात असा अनुभव आहे. म्हणून घोंगडीला जी लोकर उत्तम, ती मोज्याला चालत नाही. दोष मेंढीचा नाही, कामच वेगळे आहे.

मऊ लोकरीचेही एक दुखणे आहे: ती झिजते. नायलॉनच्या मानाने लोकरीचा धागा फारच कमी ताण सोसतो, आणि ओला झाला की आणखी दुबळा होतो. निव्वळ लोकरीचा मोजा टाचेला, चवड्याला आणि अंगठ्याच्या टोकाला लवकर विरतो. यावर उपाय म्हणून लोकरीबरोबर नायलॉन विणतात. साधारण दोन तृतीयांश लोकर, पाव ते एक तृतीयांश नायलॉन आणि ताणासाठी किंचित इलॅस्टिकचा धागा, हे मिश्रण लांबच्या चालीला चांगले. “शंभर टक्के लोकर” ही चिठ्ठी वाचून भुलू नका. टिकाऊपणा हवा असेल तर भेसळ येथे गुणाची आहे.

उलट, हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला “वुलन” म्हणून विकले जाणारे स्वस्त मोजे पुष्कळदा ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ओळखायचे कसे? मोज्याच्या आतून निघालेला एखादा सुटा धागा घ्या. मोठ्या माणसाला जवळ बसवा, खाली पाण्याची ताटली ठेवा, धागा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीला लावा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी गोळी बोटांनी चुरडता येते. ॲक्रिलिक भडकन पेटते, धूर सोडते व मागे टणक गाठ उरते. कापसाला कागद जळल्याचा वास येतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा सापडतील.

विणीकडेही पाहा. मोजा हातावर चढवून उजेडासमोर धरा. टाचेजवळ उजेड झिरपत असेल तर वीण विरळ आहे, तो मोजा फार टिकणार नाही. मग तो उलटा करा. चांगल्या मोज्याच्या आतून, तळव्याला व टाचेला, टॉवेलसारखे छोटे फासे असतात. पायाची हालचाल हे फासे अंगावर घेतात आणि कातडीची ओढाताण कमी होते. बोटांवरची शिवण सपाट हवी. तेथे दोरीसारखी गाठ लागली तर मोजा परत ठेवा. टाच टाचेवरच बसली पाहिजे. “पुढे वाढेल पाय” म्हणून एक माप मोठा मोजा घेणारे पालक आपल्या मुलाला फोडच विकत घेऊन देत असतात. उंची बुटाच्या काठाच्या चांगली वर हवी. दिवाळीच्या दिवसांत सातपुड्यातले गवत वाळलेले असते, त्याची कुसळे लोकरीत अशी शिरतात की काढता काढता संध्याकाळ होते. बाहेरून गुळगुळीत, घट्ट विणीचा मोजा असला तर त्रास थोडा कमी.

जाड मोजा तेवढा चांगला, असेही नाही. तंग बुटात जाड मोजा कोंबला तर दाब वाढतो आणि पकडही वाढते. म्हणून बूट घेताना तोच मोजा घालून, आणि संध्याकाळी घ्यावा. दिवसभराच्या चालीने पाय किंचित सुजलेला असतो. काही जण आत पातळ कृत्रिम धाग्याचा व वर जाड लोकरीचा, असे दोन मोजे घालतात. यामुळे कातडीवर घासण्याऐवजी मोज्यावर मोजा सरकतो. अमेरिकेतील मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणकेंद्रात १९९० नंतरच्या दशकात हा प्रयोग झाला. आत पातळ पॉलिएस्टर आणि वर खूप जाड लोकर-मिश्रणाचा मोजा अशी जोडी घालणाऱ्यांना नेहमीचे मोजे घालणाऱ्यांपेक्षा फोडांचा त्रास पुष्कळ कमी झाला.

मोज्यांचा विषय निघाला आहे तर एक हकीकत सांगण्याजोगी आहे. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन हे दोघे एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाले ते परत आलेच नाहीत. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला. अर्व्हिनच्या देहाचा मात्र काहीच माग नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडील हिमनदीवर एका पथकाला बर्फातून वर आलेला एक जुना बूट दिसला. त्यात पाय होता आणि पायात मोजा. त्या मोज्यावर शिवलेल्या लाल पट्टीवर नाव होते: ए. सी. अर्व्हिन. धोब्याकडे कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून आपण खूण करतो, तशीच ती साधी पट्टी. शंभर वर्षांनी तिनेच ओळख पटवली.

आणि जे मोजेच घालत नाहीत त्यांचे काय? सातपुड्यातली माणसे याच वाटा वर्षानुवर्षे अनवाणी किंवा साध्या वहाणांनी चालत आली आहेत. त्यांच्या तळव्याची कातडी जाड झालेली असते. २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातील लोकांचे तळवे तपासून दाखवून दिले, की अशी घट्टे पडलेली कातडी संरक्षण देते, पण पायाची जाणीव बोथट करीत नाही. बुटाच्या जाड तळाने मात्र ही जाणीव कमी होते. तेव्हा अनवाणी चालणाऱ्याला हसू नका. पण ते पाय लहानपणापासून घडलेले असतात. आपण एका यात्रेपुरते त्यांचे अनुकरण करू गेलो तर पहिल्याच घाटात बसून राहू.

वाटेवर टाचेला कुठे चुणचुणले, की “पुढच्या वळणावर पाहू” म्हणू नका. तेथेच थांबा, बूट काढा, पाय पुसा, त्या जागी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर तो उगाच फोडू नये. वरची कातडी हेच त्याचे झाकण असते. पिशवीत दुसरी जोडी ठेवावीच. लोकर वाळायला वेळ लावते, हा तिचा मोठा अवगुण आहे. अर्ध्या वाटेवर मोजे बदलावेत आणि भिजलेली जोडी पिशवीच्या पाठीवर उन्हात टांगावी. भर पावसाळ्यात ती टांगूनही वाळणार नाही. तेव्हा पातळ मोजेच बरे.

घरी आल्यावर मोजे गरम पाण्यात टाकून खसाखसा चोळू नका. ते खवले आठवतात ना? गरम पाण्यात चोळले की तंतू एकाच दिशेने सरकतात. खवले एकमेकांत अडकल्यामुळे त्यांना मागे येता येत नाही. मोजा आक्रसून बाहुलीच्या मापाचा आणि नमद्यासारखा घट्ट होतो. थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवा आणि सावलीत आडवे पसरून वाळवा. पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवायचे असतील तर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, पिशवीत घट्ट बांधून ठेवा. केराटीन खाऊन पचवणारे प्राणी फार थोडे, पण कसरीची अळी त्यांतलीच एक आहे, आणि घामट मोजा तिला धुतलेल्या मोज्यापेक्षा जास्त आवडतो.