ग्रंथालयातील लेझर यंत्र : एकाची दोन करताना

ग्रंथालय म्हटले की पुस्तकांची कपाटे, लांब टेबले आणि 'शांतता राखा' ही पाटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या कपाटांपलीकडच्या खोलीत एक यंत्र प्लायवूड कापत आहे, असे कोणी सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. परंतु अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण अभियांत्रिकी वा वास्तुकलेचे शिक्षण घेत आहेत, त्यांच्या बोलण्यातही 'मेकरस्पेस' हा शब्द येऊ लागला आहे. म्हणून या विषयाची थोडी ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

मेकरस्पेस म्हणजे सर्वांसाठी खुली असलेली कार्यशाळा. नेवाडा विद्यापीठाच्या रीनो येथील डेलामेअर ग्रंथालयाने २०१२ साली त्रिमिती मुद्रणाची यंत्रे सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली केली. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या हंट ग्रंथालयात २०१३ साली, आणि त्याच विद्यापीठाच्या हिल ग्रंथालयात २०१५ साली अशी दालने सुरू झाली. ही यंत्रे ग्रंथालयातच का, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. उत्तर सोपे आहे. एखाद्या विभागाची प्रयोगशाळा त्या विभागाच्या विद्यार्थ्यांची असते. ग्रंथालय मात्र सर्वांचे असते. इतिहास शिकणाऱ्या मुलीलाही तेथे जुन्या वाड्याची प्रतिकृती बनविता येते.

या दालनांतील सर्वांत लोकप्रिय यंत्रांपैकी एक म्हणजे लेझर कटर. लहानपणी भिंगातून सूर्यकिरण एकवटून आपण कागद जाळलेला असतो. तत्त्व बरेचसे तेच. नळीतून निघालेला अदृश्य किरण आरशांवरून वळविला जातो, भिंगाने एका बिंदूत एकवटला जातो, आणि संगणकावरील रेखाटनाबरहुकूम तो बिंदू फिरत जाऊन पुठ्ठा, प्लायवूड, चामडे वा अॅक्रिलिक कापतो. शक्ती कमी ठेवली तर तोच किरण केवळ कोरीवकाम करतो. त्रिमिती मुद्रणाला जेथे कित्येक तास लागतात, तेथे हे काम बहुधा काही मिनिटांत होते.

या यंत्राशी आपल्या महाराष्ट्राचे नाते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर अशी बहुतेक यंत्रे चालतात, त्याचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉ. कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याची.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्र लोकप्रिय झाले की रांग लागते. सत्र संपत आले की साऱ्या वर्गांचे प्रकल्प एकाच आठवड्यात येतात. त्यातच भिंग काळवंडले किंवा नळी क्षीण झाली की सर्वांचेच काम थांबते. मग 'आणखी एक यंत्र घ्या' अशी मागणी होते. ती रास्तच आहे, कारण दुसरे यंत्र असले तर एक बिघडले तरी सेवा बंद पडत नाही. परंतु यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग होय. विस्तार करणाऱ्यांना आणखी तीन गोष्टींचा हिशेब करावा लागतो.

पहिली गोष्ट हवेची. लेझर कापतो म्हणजे जाळतो, आणि जळण्याचा धूर होतो. तो नळावाटे इमारतीबाहेर सोडावा लागतो किंवा गाळण्यांतून शुद्ध करावा लागतो. या गाळण्या वरचेवर बदलाव्या लागतात. एका यंत्रासाठी बसविलेला पंखा दोन यंत्रांचा धूर ओढू शकेलच असे नाही. काही पदार्थ तर मुळीच कापू नयेत. पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रालाही गंजवितो. आपल्या घरोघरी दिसणाऱ्या रेक्झिनमध्ये बहुधा हेच पीव्हीसी असते. चामडे समजून कोणी ते यंत्रात ठेवले तर केवढा अनर्थ होईल!

दुसरी गोष्ट देखरेखीची. यंत्र चालू असताना त्याच्यापाशी कोणीतरी उभे असलेच पाहिजे, कारण लाकडाला वा अॅक्रिलिकला क्षणात ज्वाळा लागू शकते, आणि ग्रंथालय तर कागदाचेच घर. शिवाय नवे यंत्र निराळ्या जातीचे असेल तर धोकाही निराळा असतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण अॅक्रिलिकच्या पारदर्शक झाकणात शोषला जातो, म्हणून झाकण बंद असता जवळ उभे राहता येते. धातूवर खुणा करणाऱ्या फायबर लेझरचा किरण मात्र तशाच साध्या झाकणातून आरपार जाऊन डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. त्यासाठी त्या किरणाला अडविणारे खास आवरण व चष्मे लागतात. तेव्हा यंत्रे दोन झाली की शिकविणारे आणि पाहणारे हातही वाढवावे लागतात.

तिसरी गोष्ट न्यायाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या खिशात पैसे आहेत, तो विद्यार्थी बाहेरच्या दुकानातून आपले काम करून घेईल. ज्याच्यापाशी ते नाहीत, त्याचा सारा भरवसा ग्रंथालयावर असतो. वेळेचे आरक्षण नसेल, तर जो मोकळा व चतुर आहे तोच दिवसभर यंत्र अडवून बसतो. संध्याकाळी नोकरी करून शिकणारा मागे राहतो. म्हणून प्रत्येकाला ठरावीक वेळ, वापरापूर्वी सर्वांना सक्तीचे पण विनामूल्य प्रशिक्षण, आणि उरलेल्या तुकड्यांची सर्वांसाठी पेटी, असे साधे नियम यंत्राआधी ठरले पाहिजेत. ते नसतील तर दुसरे यंत्रही पहिल्याच मंडळींच्या हाती जाईल.

हा विचार आपल्याला परका नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने, २००२ साली 'फॅब लॅब' सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. आधुनिक यंत्रे खेड्यातील मुलांच्या हाती द्यावीत, ही त्यामागची दृष्टी होती.

आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांतही आज अशी दालने उभी राहत आहेत. त्यांच्या व्यवस्थापकांना आमची एवढीच विनंती आहे, की किमतीचे पत्रक मागविण्यापूर्वी त्यांनी आपल्या खोलीची खिडकी पाहावी, यंत्रापाशी कोण उभे राहील ते ठरवावे, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारावे, की तुझी पाळी आजवर का आली नाही? त्याचे उत्तर ऐकल्यावर यंत्रे किती घ्यावीत, हे ठरविणे सोपे जाईल.