एक ताट, दोन प्रकृती

पतीला मधुमेह जडला की घरात दोन स्वयंपाक सुरू होतात. पण एकट्याचे पथ्य फार दिवस टिकत नाही. म्हणून पतिपत्नींनी पिष्टमय अन्न जोडीने कमी करावे, हे उत्तम.

मात्र भाताऐवजी भाकरी खाल्ली म्हणजे पथ्य झाले, असे नव्हे. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय अंश असतो, तर तेवढ्याच ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम. तेव्हा धान्य बदलण्यापेक्षा त्याचे प्रमाण घटवावे आणि ताटातील उरलेली जागा मासळी, अंडी, ताक व पालेभाज्या यांना द्यावी.

ताट एक झाले, तरी औषध एक नसते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. अन्न घटले आणि मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम सुटतो, हात कापू लागतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी रोगी शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. ही लक्षणे ओळखणारे माणूस शेजारीच जेवत असते, हाच जोडीने केलेल्या पथ्याचा मोठा लाभ होय.