प्राचीन अस्थींतील डीएनए: जुन्या गोव्यातील एक उदाहरण

उत्खननात मिळालेल्या हाडाचा काळ त्याच्या थरावरून ठरवता येतो. पण ते हाड कोणाचे, हे थर सांगत नाही. तिथे डीएनए कितपत उपयोगी पडतो, ते या उदाहरणातून पाहू.

प्रश्न
जॉर्जियाची राणी केटेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझ येथे ठार करवले. जॉर्जियात तिला संत मानतात. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या काही अस्थी गोव्यात आणून सेंट ऑगस्टिन मठात ठेवल्या, अशी नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. अस्थींची जागाही त्यांत सांगितली आहे. पुढे मठ ओस पडला, चर्च कोसळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले, तेव्हा एकापेक्षा जास्त हाडे हाती लागली. त्यांतले राणीचे कोणते?

पद्धत
हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने या हाडांची तपासणी केली. अशा कामात प्रथम हाडाचा बाहेरचा थर खरवडून टाकतात, कारण त्यावर हाताळणाऱ्यांचा डीएनए असू शकतो. मग आतल्या भागाची पूड करून ती रसायनांत विरघळवतात आणि सुटा झालेला डीएनए वेगळा करतात. उष्ण, दमट हवेत डीएनएचे लवकर तुकडे होतात. म्हणून मायटोकाँड्रियातील डीएनए सोयीचा ठरतो: एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे एखादी तरी वाचता येण्याची शक्यता वाढते. तो फक्त आईकडून मिळतो.

निष्कर्ष
२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एका हाडात ‘यू१बी’ हा मातृवंशगट आढळला. भारतीय उपखंडातील २२,००० हून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियातील ३० पैकी दोघांत होता. इतर दोन हाडांत मात्र भारतात नेहमी आढळणारे गट मिळाले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: हा गट उत्खनन करणाऱ्या स्थानिक माणसाच्या हातून हाडावर आला असण्याची शक्यता फारच कमी आहे.

मर्यादा
मातृवंशगट हजारो लोकांत समान असतो. म्हणजे डीएनएने राणीचे नाव सांगितले नाही. हाड तिचे असू शकते, एवढेच सांगितले. नाव कागदपत्रांतून आले आणि जागा उत्खननातून. तिन्ही पुरावे जुळल्यावरही संशोधकांनी ‘बहुधा’ हाच शब्द वापरला. जुलै २०२१ मध्ये भारताने या अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

शिवाय, तपासणीसाठी पूड केलेला हाडाचा भाग परत मिळत नाही. म्हणून नमुना घेण्याआधीच प्रश्न नेमका ठरलेला असावा लागतो.

विचार करा
या हाडात भारतात सर्रास आढळणारा गट मिळाला असता, तर ‘हे हाड राणीचे नाही’ असे तुम्ही खात्रीने म्हणू शकला असता का? उत्तर देताना बाहेरून मिसळणाऱ्या डीएनएचा विचार करा.