घरगुती मत्स्यालयातील पाणी-चाचणी संचांची अचूकता : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णा खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथील भूजलात विद्राव्य क्षार मुळातच अधिक असतात आणि घरगुती मत्स्यालयासही तेच पाणी वापरावे लागते. अशा पाण्यावर बाजारातील रंगदर्शक संच कितपत विश्वासार्ह ठरतो, हा प्रश्न माशांपुरता मर्यादित नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा प्रथम संशय पाण्यावरच घेतला गेला व नायट्रेटचे आकडे चर्चेत आले. सेलेनियमकडे लक्ष नंतर वळले.

सामू मोजणाऱ्या अनेक संचांत ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा दर्शक असतो. त्याचा रंग ६.० ते ७.६ या टप्प्यातच पिवळ्याकडून निळ्याकडे बदलतो. टाकणखाराचे ०.०१ मोलर द्रावण (लिटरला ३.८१ ग्रॅम) २५ अंश सेल्सियसला ९.१८ सामू देते. संच मात्र ७.६ चाच निळा रंग दाखवितो. लोणार सरोवराचे सुमारे १० सामूचे पाणी घेतले तरी उत्तर तेच! या मर्यादेची किंमत मासे मोजतात. त्याच तापमानास ७.६ सामू असता एकूण अमोनियापैकी सुमारे २ टक्के भाग विषारी स्वरूपात असतो, ९.२ ला तो जवळजवळ निम्मा होतो.

नायट्रेटची पडताळणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज होते. १.६३ ग्रॅम शुष्क पोटॅशियम नायट्रेट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर केल्यास लिटरला १००० मिलीग्रॅम नायट्रेटचे द्रावण मिळते. त्याचे ४.५ मिलिलिटर १०० पर्यंत विरल केले की ४५ मिलीग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील मर्यादा, हाती येते. वाचन कमी आल्यास दोष बहुधा हाताळणीत सापडतो : अनेक संचांतील जस्ताची पूड बाटलीच्या तळाशी बसते व ती जोराने हलविली जात नाही. वाचन चौपटीहून अधिक चुकल्यास संच नायट्रेट दाखवितो की नायट्रेट-नायट्रोजन, हे वेष्टनावर पाहावे; दोहोंत ४.४३ चा गुणक आहे.

ऊर्ध्वपातित पाण्यात अचूक ठरलेला संच खाऱ्या पाण्यात तसाच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून विहिरीच्याच पाण्यात मूळ द्रावणाचे १ मिलिलिटर घालून एकूण १०० मिलिलिटर करावे. वाचन १० मिलीग्रॅमने वाढले पाहिजे. मूळ वाचन मोठे असल्यास नमुना आधी विरल करावा, कारण ४० व ८० यांच्या लाल छटा डोळ्यांना वेगळ्या करता येत नाहीत. वाढ अपुरी दिसली, तर त्या विहिरीपुरता संचाचा आकडा ग्राह्य धरू नये व नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.