गटप्रकल्प शेवटच्या रात्रीच का पूर्ण होतो?



नववीच्या वर्गाला मी एकदा ‘आपल्या घरातील पाण्याचा वापर’ हा गटप्रकल्प दिला होता. पाच-पाच जणांचे गट आणि सहा आठवड्यांची मुदत. प्रत्येकाने आपल्या घरी रोज किती बादल्या पाणी लागते ते मोजायचे आणि गटाच्या वहीत नोंदवायचे, एवढेच काम.

मुदतीच्या दिवशी वह्या आल्या. एका गटाची वही फारच देखणी होती. आखीव तक्ते, रंगीत आलेख, सुवाच्य अक्षर. पण वाचताना एका गुरुवारच्या नोंदीवर नजर अडली. त्या दिवशी जलवाहिनी फुटल्यामुळे नळाला पाणीच आले नव्हते. वहीत मात्र पाचही घरांपुढे नळाच्या पाण्याच्या बादल्या नेहमीसारख्याच लिहिलेल्या होत्या!

मी विचारल्यावर एक जण खाली मान घालून म्हणाला, “खरं सांगू का सर, काल रात्री बसून सगळं भरलं.”

आधी राग आला. मग फळ्यावर मी स्वतः काय लिहून दिले होते ते आठवले. विषय, गटातील नावे आणि एकच तारीख. मधल्या सहा आठवड्यांत कोणी, कधी, काय करायचे हे मी सांगितलेच नव्हते. मुलांची चूक होतीच, पण त्या चुकीला वाट मी करून दिली होती.

उशीर का होतो?

आपण पटकन म्हणतो, “मुलं आळशी झालीत.” पण गटाच्या कामात आणखी दोन गोष्टी घडत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे वेळेचा अंदाज. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात ३७ विद्यार्थ्यांना विचारले होते, “तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल?” त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. स्वतः सांगितलेल्या वेळेत काम संपवणारे दहापैकी जेमतेम तीन. ही तर पदवीची मुले! मग आपला नववीतला मुलगा “होईल की, अजून खूप वेळ आहे” म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच तसे वाटत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गट. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा वाटा कमी होत गेला. आठ जणांत तर तो एकट्याच्या ताकदीच्या निम्म्यावर आला. यातला काही भाग एकाच वेळी जोर न लागल्याचा होता. पण पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांना गटात ओरडायला लावून केलेल्या प्रयोगांत दिसले की माणूस गटात मुळात जोरच कमी लावतो. मात्र प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे हे कळल्यावर ही ढिलाई गेली.

आपल्याकडे म्हणतातच ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. ‘सगळ्यांचे काम’ हे असेच कोणाचेच नसते.

वर्गात काय करता येईल?

त्या अनुभवानंतर मी प्रकल्प देण्याची पद्धत बदलली. तीच इथे देतो.

१. पहिले पाऊल वर्गातच. विषय दिला त्याच तासाला शेवटची दहा मिनिटे गटाने एकत्र बसायचे, तक्ता आखायचा आणि आपापल्या घरच्या बादलीत किती लिटर पाणी मावते ते कसे मोजणार, हे ठरवायचे. सुरू झालेले काम पुढे न्यायला सोपे जाते.

२. कामापुढे नाव. ‘गट क्र. ३ – आलेख’ असे लिहू नका. आलेख कोण काढणार, त्याचे नाव लिहा. घरच्या नोंदी ज्याच्या त्याने आपल्या अक्षरात करायच्या.

३. एका तारखेऐवजी पाच. पहिल्या आठवड्यात कामाची वाटणी, दुसऱ्या-तिसऱ्यात नोंदी, चौथ्यात आलेख, पाचव्यात कच्चे लेखन. सहावा आठवडा मोकळा ठेवा. कोणी आजारी पडते, कोणी गावाला जाते, मध्येच चाचणी येते. तेव्हा हा आठवडा कामी येतो.

४. दर आठवड्याला दोन मिनिटे. वही उघडायची, तारखेसह सही करायची, बस. तपासणी नको, उपदेश नको. न झालेले काम तिथेच दिसते.

५. गुण टप्प्यांनाही. सगळे गुण शेवटच्या सुंदर वहीला दिले, तर मुले शेवटी सुंदर वहीच आणणार.

पालकांसाठी दोन शब्द

“प्रकल्प झाला का?” या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते, “चालू आहे.” त्याऐवजी विचारा, “या आठवड्यात तुझ्याकडे कोणतं काम आहे?” उत्तर देता आले नाही, तर वाटणीच झालेली नाही असे समजा.

आणि आदल्या रात्री दहा वाजता कार्ड पेपर आणायला धावू नका. तुम्ही चित्रे चिकटवलीत, तर वही पूर्ण होईल, पण मूल शिकेल एवढेच की शेवटी कोणीतरी करून देते. अर्धी वही घेऊन त्याला शाळेत येऊ द्या. त्या वेळी त्याला न रागावता सांभाळून घेणे हे आम्हा शिक्षकांचे काम.

पावसाची, रोपाच्या वाढीची किंवा पाण्याची नोंद गेलेल्या दिवसाला परत जाऊन करता येत नाही. एका रात्रीत ती फक्त रचता येते. आणि सुबक रचलेल्या आकड्यांना आपण शाबासकी दिली, तर मुलांना आपण नक्की काय शिकवले?

त्या गटाचे गुण मी कापले नाहीत. सात दिवसांच्या खऱ्या नोंदी करून आणायला सांगितले. वही या वेळी मळकी होती, दोन रकाने रिकामे होते. पण एका घरी कपडे धुण्याच्या दिवशी जवळजवळ दुप्पट पाणी लागते, हे त्यांचे त्यांना सापडले होते. ते सांगताना पाचही जण एकदम बोलत होते.

तुमच्या वर्गातला पुढचा प्रकल्प देताना फळ्यावर एक तारीख लिहून थांबू नका. तिच्या वर आणखी चार लिहा.